लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ऊर्फ लक्ष्मणराव किर्लोस्कर (२० जून, १८६९ – २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक होते. लोखंडी नांगर भारतात तयार करून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या आद्य कारखानदारांत त्यांची गणना होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचा पाया त्यांनी घातला. तत्कालीन औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलजवळच्या माळरानावर, त्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत वसवली. देशातील सर्वांत जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी ती एक आहे. चित्रकार होण्याच्या इच्छेने मुंबईला गेलेले लक्ष्मणराव रंगांधत्वामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळले. कागदावर अचूक रेखाटता येणारी वस्तू लोखंडातही घडवता येते, हा विश्वास त्यांच्या पुढील सर्व उद्योगाच्या मुळाशी होता.

बालपण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने रूढ मार्गाने शिकून नोकरीला लागावे, ही त्या काळच्या पांढरपेशा घरातील स्वाभाविक अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे, या दोन गोष्टींची त्यांना लहानपणापासून ओढ होती. त्या वेळच्या समाजात हातकाम हे कारागीर जातींचे काम समजले जाई. शिकलेल्या घरातील मुलाने हातोडा आणि कानस हाती धरणे प्रतिष्ठेला धरून नाही, असा समज होता. लक्ष्मणरावांच्या आवडीनिवडी या समजाच्या विरुद्ध जाणाऱ्या होत्या.

मुंबईतील शिक्षण आणि रंगांधत्व

वडिलांची इच्छा नसतानाही, वडील बंधू रामूअण्णा यांच्या आर्थिक मदतीवर लक्ष्मणरावांनी १८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेथे त्यांचे रेखांकन चांगले होते. पण सुमारे दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगछटांमधील फरक त्यांना ओळखता येत नसे. रंगांधत्व हा बहुतेक वेळा जन्मजात असणारा दोष असून तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो, आणि जन्मजात प्रकारावर औषधोपचार नाही. रंगचित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी हा निर्णायक अडथळा होता.

लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, परंतु रेखाटन सोडले नाही. कला शाळेतील यांत्रिक रेखाटनाच्या विषयावर त्यांनी लक्ष केंद्रित केले. यंत्राच्या भागांना ओतीव लोखंड, पितळ, लाकूड अशा द्रव्यांनुसार रंगाचे फिके हात देण्याची पद्धत त्या काळी होती. तरीही यांत्रिक रेखाटनाचा खरा भार रेषेवर, मापावर आणि प्रमाणावर असतो. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल हे वेगवेगळ्या दृश्यांत मांडायचे, आतील रचना दाखवण्यासाठी ती कापली आहे असे कल्पून काटछेद काढायचा आणि प्रत्येक भागाची मापे लिहायची, असे या शास्त्राचे स्वरूप आहे. येथे रंग ओळखण्याच्या शक्तीपेक्षा, वस्तू नजरेसमोर नसताना ती मनात उभी करण्याची शक्ती अधिक लागते. ती लक्ष्मणरावांकडे भरपूर होती.

अध्यापन

यांत्रिक रेखाटनाच्या या शिक्षणाच्या बळावर लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ साली स्थापन झाली होती आणि गिरण्यांच्या मुंबईला लागणारे तंत्रज्ञ तयार करणे हा तिचा हेतू होता. लक्ष्मणराव तेथे यांत्रिक रेखाटन शिकवीत. संस्थेच्या यंत्रशाळेत त्यांनी स्वतः यंत्रांचा अभ्यास केला. बाष्पयंत्रे, बाष्पित्रे, लेथ यांची रचना आणि देखभाल ते प्रत्यक्ष काम करून शिकले. परदेशी तांत्रिक पुस्तके आणि नियतकालिके वाचून त्यांनी आपले ज्ञान वाढवले. फावल्या वेळात लहानसहान वस्तू तयार करून विकण्याचे प्रयोगही ते करीत.

येथे असताना वरच्या जागेवर बढती देण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. परकीय राजवटीत असे अनुभव अनेक हिंदी नोकरदारांच्या वाट्याला येत आणि बहुतेक जण ते मुकाट्याने सोसत. कुटुंब असलेल्या माणसाला पगाराची नोकरी सोडणे सोपे नव्हते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. यानंतर त्यांनी कधीही दुसऱ्याची नोकरी केली नाही.

बेळगावातील व्यवसाय

नोकरीत असतानाच किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाला प्रारंभ झाला होता. मुंबईत नव्याने दिसू लागलेल्या सायकलीने लक्ष्मणरावांचे लक्ष वेधून घेतले. १८८८ साली त्यांनी बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, दुरुस्त करायच्या व हौशी लोकांना चालवायला शिकवायच्या, अशी विभागणी होती. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची परंपरा या दुकानापर्यंत मागे जाते. बेळगावातील एका रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड असे नाव आहे.

सायकल ही परदेशातून आणून विकायची वस्तू होती. लक्ष्मणरावांचा ओढा विकण्यापेक्षा घडवण्याकडे होता. बेळगावला कायमचे आल्यावर त्यांनी लहान यंत्रशाळा उभारली. तेथे तयार झालेली पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा हे दख्खनच्या पठारावरील जनावरांचे मुख्य खाद्य आहे. अख्खा कडबा टाकला तर जनावरे पाने खातात आणि जाड धांडे सोडून देतात; बारीक तुकडे केले तर वाया जाणारा भाग कमी होतो. दुष्काळाच्या प्रदेशात या बचतीला मोठे मोल होते. यंत्राची रचना सोपी होती. फिरत्या चाकाला बसवलेली पाती पुढे सरकणारा कडबा कापत जात आणि ते एका माणसाला हाताने चालवता येई.

लोखंडी नांगर

लक्ष्मणरावांचे नाव घरोघर पोहोचले ते लोखंडी नांगरामुळे. दख्खनमधील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरीत. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडातून घडवी आणि फाळ तेवढा लोखंडाचा असे. हा नांगर जमीन चिरतो, पण ती पुरेशी उलथवत नाही. काळ्या जमिनीत खोलवर रुजणाऱ्या हरळी आणि कुंदा यांसारख्या तणांचे त्यामुळे निर्मूलन होत नसे. लोखंडी नांगराला वक्र पंखा असतो. तो मातीची ढेप उचलून पालथी करतो, त्यामुळे तणांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर हिंदुस्थानात आयात होत. पण त्यांची किंमत आणि सुट्या भागांची टंचाई सामान्य शेतकऱ्याच्या आड येई.

लक्ष्मणरावांनी परदेशी नांगराचा अभ्यास केला आणि १९०३ साली स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला. तांत्रिक अडचणीपेक्षा मोठी अडचण पुढे उभी राहिली. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येत नाही, असा शेतकऱ्यांमध्ये समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वरवर पाहता हा अंधश्रद्धेचा प्रकार वाटतो. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही त्यात एक हिशेब होता. नांगरटीचा प्रयोग फसला तर त्याचे वर्ष वाया जाणार होते, आणि कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या कुळाला एक वर्षही गमावणे परवडणारे नव्हते. म्हणून केवळ जाहिरातीने हा माल खपणे शक्य नव्हते. एका शेतकऱ्याचे नांगरलेले रान दुसऱ्याने पाहावे लागे, आणि त्या रानातील पीक डोलताना दिसल्यावरच विश्वास बसे.

नांगराच्या फाळाचा टणकपणा हा या उत्पादनातील कळीचा प्रश्न असतो. फाळ मऊ असेल तर मुरमाड जमिनीत तो लवकर झिजतो आणि फार ठिसूळ असेल तर दगडावर आपटून तुटतो. यावरील जुना उपाय म्हणजे ओतकाम करताना साच्याचा काही भाग वाळूऐवजी लोखंडाचा ठेवणे. वितळलेले लोखंड त्या थंड लोखंडाला भिडताच झटकन गोठते आणि तेवढा पृष्ठभाग अतिशय कठीण होतो. आतला भाग सावकाश निवल्याने तुलनेने मऊ राहतो. एक बाजू झिजत असताना दुसरी धार टिकवून धरणारा असा फाळ इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली पेटंट केला होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी बेळगावात तयार झालेल्या नांगराला याच प्रश्नाला तोंड द्यायचे होते.

बेळगाव सोडण्याची वेळ

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जमीन हवी होती. भट्टी, यंत्रे, साचे आणि माणसे घेऊन कोठे जायचे, हा प्रश्न होता, आणि नव्या ठिकाणी सारे पुन्हा उभारण्याइतके भांडवल हाती नव्हते.

या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध येथे यमाई देवीच्या सभामंडपाचे काम घेतले होते. त्या निमित्ताने औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलांचे मोठे आश्रयदाते होते. सूर्यनमस्काराचे प्रसारक म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. रेषेची जाण असलेले हे दोन गृहस्थ जवळपास एकाच वयाचे होते. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या राज्यात कारखाना काढण्याचे आमंत्रण दिले, कुंडलजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले.

औंध हे गाव आजच्या सातारा जिल्ह्यात आहे. पण संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कुंडल हा त्याचा दूरवरचा, कृष्णाकाठच्या प्रदेशातील तुटक भाग होता. या जागेचे एक मोठे महत्त्व म्हणजे पुणे–मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड हे स्थानक तिच्या शेजारी होते. कच्चे लोखंड आणि कोळसा आणणे व तयार नांगर पाठवणे, दोन्ही रेल्वेवर अवलंबून असल्याने ही निवड योग्य ठरली. पुढे या स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी असे झाले.

किर्लोस्करवाडीची उभारणी

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. मिळालेली जमीन निवडुंगाने भरलेली होती. साप-विंचवांचा सुळसुळाट होता आणि पाणी कमी होते. लक्ष्मणराव, रामूअण्णा, त्यांचे कुटुंबीय आणि मोजके कामगार यांनी ती साफ केली. आरंभीच्या काळात राहायची घरे आणि कारखाना दोन्ही तात्पुरत्या छपरांखाली होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी या दिवसांत वस्तीच्या संसाराचा भार वाहिला.

लक्ष्मणरावांना नुसता कारखाना नको होता. कामगारांनी स्वच्छ, आखीव वस्तीत राहावे, त्यांच्या मुलांनी शिकावे, वाचनालय व करमणुकीची सोय असावी, अशी त्यांची कल्पना होती. परदेशांतील औद्योगिक वसाहतींविषयी त्यांनी वाचले होते. रस्ते, घरे, पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांची आखणी त्यांनी केली. यंत्राच्या रेखाटनात ज्याप्रमाणे प्रत्येक भागाला त्याची जागा असते, त्याप्रमाणे वसाहतीचा नकाशा आखला गेला. वाडीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये आणि जातीवरून घरांची विभागणी होऊ नये, याविषयी त्यांचा आग्रह होता. १९१० च्या दशकातील ग्रामीण महाराष्ट्रात ही गोष्ट सोपी नव्हती.

त्यांनी जमवलेली माणसेही लक्षणीय होती. शिक्षण अर्धवट सोडलेले शंभूराव जांभेकर येथे अभियंते म्हणून नावारूपाला आले. शाळेत फारसे यश न मिळालेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. कारकून म्हणून आलेले मंगेशराव रेगे कारभार आणि हिशेब सांभाळू लागले. के. के. कुलकर्णी यांनी वसाहतीच्या व्यवस्थेची अनेक कामे पाहिली. ज्यांच्यावर दरोडेखोर असा शिक्का होता त्या तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. पदवीपेक्षा हाताचे कौशल्य आणि प्रामाणिकपणा पाहून माणूस निवडण्याची ही पद्धत, ज्याला स्वतःला पदवी नव्हती त्या कारखानदाराच्या अनुभवातून आलेली होती.

कागदापासून लोखंडापर्यंत

किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यात यंत्राचा जन्म रेखाटनाच्या फळ्यावर होत असे. आरेखक टी-स्क्वेअर, गुणे, कंपास आणि मोजपट्टी घेऊन जाड कागदावर पेन्सिलीने भाग काढी. नंतर त्यावर पारदर्शक कापड ठेवून काळ्या शाईने तेच रेखाटन गिरवले जाई. या कापडावरून प्रकाशाच्या साहाय्याने निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांच्या प्रती काढता येत. त्यांनाच ब्लूप्रिंट म्हणत. मूळ कापड कचेरीत जपून ठेवायचे आणि प्रती यंत्रशाळेत वापरायच्या, अशी रीत होती.

रेखाटनावरून लाकूडकाम करणारा कारागीर भागाचा लाकडी फर्मा तयार करतो. ओतीव लोखंड, म्हणजे बोलीभाषेतील बीड, निवताना आकसते. हे आकुंचन फुटाला सुमारे एक-अष्टमांश इंच इतके असल्याने फर्मा तेवढ्या मापाने मोठा करावा लागतो. जेथे पुढे तासकाम करायचे आहे तेथे थोडी जास्त जाडी ठेवावी लागते. हा फर्मा ओलसर वाळूत दाबून साचा तयार होतो, त्यात भट्टीतील वितळलेले लोखंड ओतले जाते, आणि निवलेला भाग लेथवर व रंधायंत्रावर मापात आणला जातो. रेखाटनातील एका चुकीच्या आकड्यामुळे फर्मा, साचा, लोखंड आणि श्रम हे सारे वाया जाऊ शकते. यांत्रिक रेखाटन शिकवण्यात ज्यांची काही वर्षे गेली होती त्या लक्ष्मणरावांना या साखळीतील पहिल्या कडीचे महत्त्व पुरेपूर ठाऊक होते.

सुट्या भागांच्या बाबतीत रेखाटनाला आणखी एक अर्थ होता. गावच्या सुताराने केलेला प्रत्येक नांगर वेगळा असे. कारखान्यातील नांगर एका रेखाटनावरून होत असल्याने एकाचा फाळ दुसऱ्याला बसे. दूरच्या खेड्यातील शेतकरी नवा फाळ मागवून स्वतः बसवू शके. लोखंडी नांगर टिकला त्यामागे हे एक मोठे कारण होते.

महायुद्धाचा काळ आणि विस्तार

पहिले महायुद्ध (१९१४–१९१८) सुरू झाल्यावर परदेशी नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्कर नांगराला मागणी वाढली. परंतु त्याच युद्धामुळे कच्चे लोखंड, कोळसा व इतर आवश्यक माल मिळणे कठीण झाले. मोडीच्या लोखंडाचा आधार घेत आणि मिळेल त्या पर्यायी मालावर कारखाना चालू ठेवण्यात आला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या मर्यादित कंपनीची स्थापना झाली. नांगराच्या जोडीला उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादने निघू लागली. चरकामुळे गुऱ्हाळावरील लाकडी चरकाची जागा लोखंडाने घेतली आणि त्याच उसातून अधिक रस मिळू लागला. १९२६ साली कंपनीने अपकेंद्री पंप तयार केला. भारतात बनलेला हा पहिला अपकेंद्री पंप मानला जातो. या पंपात वेगाने फिरणारा पंखा पाण्याला मध्यापासून कडेकडे फेकतो आणि भोवतालच्या शंखाकृती कवचात त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. मोटेने पाणी ओढणाऱ्या बैलांचे श्रम वाचवणारा हा पंप कृष्णा-वारणेच्या काठावरील बागायतीला पोषक ठरला.

पुढची पिढी

लक्ष्मणरावांचे थोरले पुत्र शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–१९९४) यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात दाखल झाले. त्यांच्या पुढाकाराने उद्योगाचा विस्तार वेगाने झाला. हरिहर येथे यंत्रहत्यारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर (१९४१), पुण्यात डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६) आणि बंगळूर येथे विद्युत मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक (१९४६) हे कारखाने निघाले. पंप, तो चालवणारे इंजिन किंवा मोटार आणि त्यांचे भाग घडवणारे लेथ, अशी पूर्ण साखळी यातून तयार झाली.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर ऊर्फ शंवाकि (१८९१–१९७५) हे चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. कारखान्याच्या जाहिरातीसाठी १९२० साली त्यांनी किर्लोस्कर खबर हे पत्रक सुरू केले. त्यातूनच किर्लोस्कर हे मासिक वाढले. पुढे १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिके निघाली. नांगराचे भाग पाठवणाऱ्या त्याच छोट्या रेल्वे स्थानकावरून निघणाऱ्या या मासिकांनी विज्ञाननिष्ठा, स्त्रियांचे प्रश्न आणि सामाजिक सुधारणा यांविषयीचे लेखन महाराष्ट्रभर पोहोचवले. शंवाकि यांनी यांत्रिकाची यात्रा हे लक्ष्मणरावांचे चरित्र लिहिले.

उत्तरायुष्य

वयाच्या उत्तरार्धात लक्ष्मणरावांनी कारभार हळूहळू पुढच्या पिढीकडे सोपवला. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. जमावाने कारखान्याला आग लावली आणि मोठे नुकसान झाले. सुमारे चार दशके उभारलेल्या कामावर ही आपत्ती आली तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात होते. जातिभेद न मानणारी वस्ती उभारू पाहणाऱ्या माणसाला जातीय विद्वेषाची ही आग पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभारण्यात आला.

त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचे काही प्रदेश मिळून दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व किर्लोस्करवाडी त्यात गेली. १९६० साली या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. आज हे ठिकाण पलूस तालुक्यात आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

यांत्रिक रेखाटनातील नंतरचे बदल

लक्ष्मणराव ज्या साधनांनी शिकले आणि ज्यांनी शिकवीत, ती साधने त्यांच्या मृत्यूनंतरच्या काही दशकांत मागे पडली. शंतनुराव ज्या संस्थेत शिकले त्याच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली स्केचपॅड ही प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेषा काढणे आणि त्यांच्यातील भौमितिक संबंध संगणकाकडून टिकवून घेणे तीत शक्य झाले. संगणक-साहाय्यित आरेखनाच्या इतिहासातील हा मैलाचा दगड समजला जातो. १९८० च्या दशकात सन, अपोलो, सिलिकॉन ग्राफिक्स अशा कंपन्यांची अभियांत्रिकी वर्कस्टेशने कारखान्यांच्या आरेखन विभागांत आली. युनिक्स प्रणालीवर चालणारी ही यंत्रे त्या वेळच्या घरगुती संगणकांपेक्षा कितीतरी शक्तिमान आणि महाग होती. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमुळे साध्या वैयक्तिक संगणकावरही आरेखन शक्य झाले आणि पुढील काळात टी-स्क्वेअर व रेखाटनाचे फळे अडगळीत गेले.

या बदलातून एक नवा प्रश्न उद्भवला. पंप किंवा इंजिन तीस-चाळीस वर्षे वापरात राहते आणि त्याचे सुटे भाग तितकाच काळ लागतात. कापडावर शाईने गिरवलेले रेखाटन पन्नास वर्षांनीही कोणाला वाचता येते. संगणकातील रेखाटन उघडण्यासाठी मात्र ते ज्या प्रणालीत केले तिचीच, आणि काही वेळा त्या जुन्या यंत्राचीही, गरज पडते. अनेक जुन्या आरेखन प्रणालींचा परवाना विशिष्ट यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला असे. त्यामुळे उत्पादन थांबून वर्षे लोटली तरी केवळ जुनी रेखाटने उघडण्यासाठी अशी वर्कस्टेशने चालू ठेवावी लागतात. एका प्रणालीतील माहिती दुसरीत नेता यावी म्हणून १९८० साली आयजेस आणि १९९४ साली स्टेप ही सामाईक मानके तयार झाली. तरी मापे, सहनमर्यादा आणि टिपा यांचे रूपांतर तपासून घ्यावेच लागते.

साधने बदलली तरी पुरोदृश्य, काटछेद, माप आणि प्रमाण ही रेखाटनाची भाषा तीच राहिली आहे. अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनांच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आजही ती शिकतात, आणि आकुंचनासाठी फर्मा किती मोठा करायचा हे ठरवताना संगणकालाही बीड किती आकसते हे सांगावेच लागते.